फारशी चाललेली नाही!

आपल्याकडे सेकंडहँड वस्तू विकायला काढली की तिचा एकच गुण सांगायचा असतो: फारशी वापरलेली नाही. मिक्सर असो, शिलाई मशीन असो, नाहीतर घरात व्यायाम करायची सायकल असो. (सायकलच्या बाबतीत विकणारा शंभर टक्के खरं बोलत असतो.) घेणाराही नेमका याच गुणावर भाळतो. सोफ्यावरचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही, म्हणजे सोफा उत्तम. स्कूटर पंधरा वर्षांत मंडई आणि बँक यांच्यापलीकडे गेलेली नाही, म्हणजे स्कूटर नव्यासारखी, आणि ती मिळवायला ओळख काढावी लागते. काचेच्या कपाटातल्या कपबशा तीन पिढ्यांनी नुसत्या पुसल्या, त्यांतून चहा कोणीच प्यायलं नाही, याचा त्या घराला अभिमान असतो. वापरलं की झिजतं, ठेवलं की टिकतं. या सूत्रावर आपले संसार उभे आहेत.

हे सूत्र जिथे सपशेल आडवं पडतं असा एक बाजार मी अमेरिकेत पाहिला. जुन्या डिझेल मोटरहोमचा.

माझी थोरली बहीण आणि भाऊजी ॲरिझोनात, फिनिक्सला लागून असलेल्या चँडलर गावात राहतात. भाऊजींची हयात कॉम्प्युटरच्या चिपा बनवण्यात गेली. निवृत्त झाल्यावर पुण्यातला माणूस ज्येष्ठ नागरिक संघात जातो, नाहीतर सोसायटीचा सेक्रेटरी होऊन बाकीच्यांना सळो की पळो करून सोडतो. अमेरिकेतल्या निवृत्ताला मात्र मोटरहोमचा झटका येतो. भाऊजींना तो आला तेव्हा मी त्यांच्याकडे मुक्कामाला होतो. ताई विरोध करील असं मला वाटलं होतं. पण तिचं हॉटेलांशी जुनं वैर आहे. "त्या गादीवर आधी कोण लोळून गेलंय, देव जाणे," हा तिचा कायमचा मुद्दा. सेकंडहँड मोटरहोमच्या गादीवरही कोणीतरी लोळून गेलेलंच असतं, हे मी बोललो नाही. पाहुण्याने किती बोलावं याला काही मर्यादा असते.

नवी घ्यायचा प्रश्नच नव्हता. नवी, मोठी डिझेल मोटरहोम म्हणजे तिकडेही बऱ्या वस्तीतल्या घराची किंमत. पण शोरूमच्या फाटकाबाहेर पडल्यापासून ती किंमत जी घसरू लागते ती थांबत नाही, आणि पंधरा-वीस वर्षांनी तोच राजवाडा पाव किमतीच्याही खाली हाताला लागतो. राजवाडा म्हणजे चाळीस फूट लांब, बारा-चौदा टन वजनाचा. आत दिवाणखाना, ओटा, फ्रिज, संडास-बाथरूम, बेडरूम. बटण दाबलं की भिंतच बाहेर सरकते आणि खोली रुंद होते. लांबीला आपल्या एसटीएवढी, किंबहुना थोडी जास्तच. एसटीच्या ड्रायव्हरला बॅज-बिल्ला लागतो. ॲरिझोनात मात्र ज्या परवान्यावर भाऊजी आजवर छोटी टोयोटा चालवत आले त्याच परवान्यावर हा राजवाडा चालवता येतो. त्यांना फक्त ताईची परवानगी लागली.

"किती देते?" मी विचारलं.

"लिटरला साडेतीन किलोमीटर," भाऊजी म्हणाले, आणि विषय हवामानाकडे वळवला.

पेट्रोलवर चालणाऱ्या मोटरहोमचं इंजिन पुढे, ड्रायव्हरच्या पायाशी घरघरत असतं. डिझेलच्या मोठ्या गाड्यांची जात निराळी. त्यांचं इंजिन पार मागे. ते गाडीला ओढत नाही, ढकलतं. पार मागे म्हणजे बहुतेक गाड्यांत बेडरूममध्ये, पलंगाखाली. गादी उचलायची, खालची फळी काढायची, की समोर इंजिन. त्यामुळे गाडी बघायला जाणं हा प्रकार फार अवघड होऊन बसतो. परक्या गृहस्थाच्या घरात शिरायचं, त्याच्या बायकोच्या देखत सरळ बेडरूम गाठायची आणि गादी उलथायची. आयकर खात्याचे लोकसुद्धा आधी पाणी घेतात.

पहिल्यांदा गादी उचलली आणि खाली 'कमिन्स' अशी अक्षरं दिसली तेव्हा मला भरून आलं. इंडियाना राज्यातल्या कोलंबस गावी १९१९ साली ही कंपनी सुरू झाली. १९६२ साली किर्लोस्करांच्या जोडीने ती पुण्यात आली आणि आमच्या कोथरूडला इंजिनं बनवू लागली. आमच्या भागात 'कमिन्सला असतात' एवढं म्हटलं की मुलाची बाकीची चौकशी लोक सौम्यपणे करत. मुलींसाठी कर्वेनगरला कमिन्सच्या नावाचं इंजिनिअरिंग कॉलेज आहे. मी गाडीच्या मालकाला म्हणालो, हे आमच्या गावचं इंजिन. मालक मिनेसोटाचा होता. माणसाला दुखवू नये म्हणून हलवावी तशी त्याने मान हलवली.

भाऊजींनी एक तपासनीस ठरवला होता. आयुष्यभर ट्रकांची डिझेल इंजिनं उघडून आता लोकांच्या वतीने जुन्या मोटरहोम बघून देणारा, मोजकं बोलणारा म्हातारा. त्याचा पहिला नियम: मालकाला आदल्या दिवशी फोन करून सांगायचं की आम्ही येण्याआधी इंजिन सुरू करू नका. गेल्यावर हॅलो म्हणायच्या आधी तो इंजिनावर तळहात ठेवी. थंड इंजिन खरं बोलतं. सुरू होताना त्याला किती वेळ लागतो, कसला आवाज येतो, मागून कोणता धूर निघतो, यात सगळं येतं. पांढरा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल. सकाळच्या गारव्यात क्षणभर आला तर माफ, पण इंजिन तापल्यावरही येत राहिला आणि त्याला गोडसर वास असला तर आत कूलंट जळतंय. निळा म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे डिझेल जास्त, हवा कमी. एका ठिकाणी इंजिन कोमट लागलं. मालक म्हणाला, तुमचा खोळंबा नको म्हणून जरा तापवून ठेवलं. तपासनीसाने काढून ठेवलेली आपली टोपी उचलली आणि चालू लागला. दुसऱ्याची घालून घ्यायची त्याची तयारी नव्हती.

आणि मग ती दिसली. बावीस वर्षांची गाडी, अठरा हजार मैल. बाहेरून आरशासारखी. आत सोफ्याला सुरकुती नाही, ओव्हनच्या आतल्या जाळीवर कारखान्याचं लेबल तसंच. भाऊजींचा चेहरा उजळला. मालकही अभिमानाने सांगत होता की गाडी कायम शेडमध्ये असते, फारशी चाललेलीच नाही. त्यांची कहाणी बाकीच्या सगळ्यांसारखीच होती. या बाजारात पुढे जेवढे विकणारे भेटले त्यांची कहाणी चार शब्दांत मावत असे: निवृत्ती, स्वप्न, यलोस्टोन, गुडघा. यलोस्टोन बघून आले, परत येताना गुडघा बोलू लागला, गाडी शेडमध्ये गेली ती गेलीच.

तपासनीस मात्र सुतकी चेहरा करून उभा होता. डिझेल चालून मरत नाही, उभं राहून मरतं, असं त्याचं म्हणणं. आणि बोटावर मोजून दाखवायला त्याच्याकडे इतकं होतं की बोटं पुरली नसती. याच घराण्यातली इंजिनं ट्रकमध्ये तीन-तीन लाख मैल बिनतक्रार धावतात, कारण ती रोज तापतात, रोज त्यांच्या अंगावरून ऑइल फिरतं. उभ्या गाडीत ऑइल हळूहळू निथळून तळाला जातं आणि वरचे भाग कोरडे पडतात. रबराची सीलं सुकून आक्रसतात आणि गाडी चालू झाल्या दिवसापासून गळू लागतात. अर्धी रिकामी टाकी रात्री गार होते, आतल्या हवेतलं पाणी डिझेलखाली साचतं, आणि जिथे डिझेल आणि पाणी यांची शीव लागते तिथे चक्क जीवजंतू वसाहत करतात. त्यांचा चिकट काळा थर फिल्टरमध्ये जाऊन बसतो. ब्रेक गंजून धरतात. जनरेटरला महिन्यातून एकदा तासभर तरी एसी लावून, म्हणजे भार देऊन चालवावं लागतं. या गाडीतल्या जनरेटरच्या मीटरवर बावीस वर्षांत शंभर तासही झालेले नव्हते. मालक तोही गुण म्हणूनच सांगत होता.

टायर तर काळेभोर, नक्षी जशीच्या तशी. तपासनीस गाडीखाली आडवा झाला. टायरवर बनवल्याची तारीख चार आकड्यांत असते, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. पण ती टायरच्या एकाच बाजूला कोरलेली असते आणि टायर बसवणारे ती बाजू आत करून ठेवतात. ती वाचायला भाऊजींनाही खडीवर पाठ टेकून टॉर्च घेऊन आत सरकावं लागलं. आतून त्यांचा आवाज आला: "२२१०!" म्हणजे २०१० सालचा बाविसावा आठवडा. मोटरहोमचे टायर झिजून जात नाहीत, वयाने जातात. सहा-सात वर्षांनंतर नक्षी कितीही ताजी असली तरी जाणते लोक त्यांच्या भरवशावर हायवेला लागत नाहीत. पुढचा टायर साठ मैलांच्या वेगात फुटला तर चौदा टनांचं घर कुठे जाईल ते वास्तुशास्त्रातही सापडणार नाही. मालकाला हे पटेना. "पण ते घासलेलेच नाहीत!" असं तो पुन्हा पुन्हा सांगत होता, आणि मला त्या माणसाबद्दल अचानक फार आपुलकी वाटली. तो चिपळूणचा असता तर शोभला असता.

परतताना भाऊजी गप्प होते. एवढी सुरेख गाडी इतकी कमी वापरली म्हणून नाकारायची, हे त्यांच्या संस्कारात बसत नव्हतं.

त्यानंतर त्यांनी अभ्यासाला सुरुवात केली. अभ्यास हा भाऊजींचा धर्म आहे. त्यांनी भांडी घासायचं मशीनसुद्धा तक्ता करून घेतलं होतं. जेवताना आम्हाला इंजिनांची चरित्रं ऐकायला मिळू लागली. जुन्या कमिन्सच्या भक्तांत एका खुंटीची गोष्ट सांगतात. १९९० च्या दशकातल्या ५.९ लिटरच्या इंजिनात, पुढच्या बाजूला जिथे गिअर असतात तिथे, बोटाच्या पेराएवढी एक पोलादी खुंटी असते. कारखान्यात दोन भाग एकमेकांशी नीट जुळावेत एवढ्यापुरतं तिचं काम. जोडणी झाली की ती निवृत्त. पण तिला घट्ट धरून ठेवणारं काही नसल्यामुळे वर्षानुवर्षांच्या थरथरीने ती हळूहळू बाहेर सरकू शकते आणि एक दिवस थेट फिरत्या गिअरमध्ये पडते. मग गिअरच्या पेटीचं काय होतं ते ऐकवत नाही. मेकॅनिक तिला सरळ 'खुनी' म्हणतात. उपाय म्हणजे तिच्यापुढे धातूची एक छोटी पट्टी बोल्टने आवळायची. काम संपलेलं असूनही जागा न सोडणारा घटक केवढा उत्पात करू शकतो, हे आमच्या सोसायटीत कोणालाही समजावून सांगावं लागणार नाही.

दुसरी गोष्ट एका लाळ गाळणाऱ्या नळीची. इंजिनाच्या पोटात साठणारी तेलकट वाफ बाहेर सोडायला एक नळी असते, आणि तिला तिकडचे मिस्त्री खरोखरच लाळेरी म्हणतात. ज्या गाड्यांत रेडिएटर पार मागे, इंजिनाच्या पाठीशी असतो, तिथे पंखा ही तेलकट वाफ आणि रस्त्याची धूळ उचलून रेडिएटरवर लिंपत राहतो. बाहेरून बघणाऱ्याला रेडिएटर स्वच्छ दिसतो. लेप बसलेला असतो आतल्या बाजूला. सपाटीवर गाडी गुमान धावते. मग अकराशे फुटांवरच्या फिनिक्सहून जवळजवळ सात हजार फुटांवरच्या फ्लॅगस्टाफकडे निघालात की मध्येच तापमानाचा काटा वर चढू लागतो आणि मालक इंजिनाला दोष देतो. चार पैशांची रबरी नळी जोडून ती लाळ रेडिएटरच्या मागे नेऊन सोडली की काम झालं. रेडिएटर बाजूला बसवलेल्या गाड्यांना हा त्रास कमी, म्हणून त्यांना भाव जास्त.

सालांचंही एक शास्त्र आहे. अमेरिकेत धुराचे नियम २००७ मध्ये कडक झाले आणि नव्या डिझेलच्या धुराड्यात काजळी अडवणारा फिल्टर आला. २०१० मध्ये आणखी कडक झाले, तेव्हापासून युरियाचं पाणी वेगळ्या टाकीत भरावं लागतं. हवेसाठी हे चांगलंच झालं, त्याबद्दल वाद नाही. पण तो फिल्टर स्वतःला जाळून साफ करतो तो इंजिन नीट तापून लांबवर धावलं तरच. महिन्यातून एकदा दोन मैल जाऊन येणाऱ्या निवृत्ताच्या गाडीत तो तुंबतो. आणि युरियाच्या यंत्रणेतला एखादा सेन्सर रुसला तर गाडीचा कॉम्प्युटर आधी धमक्या देतो, मग थेट ताशी पाच मैलांवर आणून ठेवतो. हायवेवरून ताशी पाच मैलांनी जाणारं घर! पंढरीची वारीसुद्धा याहून फार मागे राहणार नाही. त्यामुळे जाणकार '२००६ पर्यंतची' असं म्हणताना जरा हळवे होतात. आपल्याकडे 'पानशेतच्या आधीचं पुणं' म्हणताना होतात तितपत.

एवढा अभ्यास झाल्यावर भाऊजींनी क्वार्टझसाइटला जायचं ठरवलं. फिनिक्सहून पश्चिमेला दोन तासांवर, वाळवंटात, हे एक चिमुकलं गाव आहे. उन्हाळ्यात तिथे कावळाही थांबत नाही. पण १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल या काळात सरकार आसपासच्या उघड्या माळावर मुक्कामाला परवानगी देतं, आणि उत्तरेतल्या बर्फाला कंटाळलेले म्हातारे मिनेसोटा, अल्बर्टा, सस्कॅचवानहून घरंच्या घरं घेऊन येतात. जानेवारीत मोटरहोमचं मोठं प्रदर्शन भरतं. जिकडे नजर टाकावी तिकडे पांढरी घरं, घरापुढे खुर्ची, खुर्चीत म्हातारा, म्हाताऱ्याच्या मांडीवर कुत्रा. बऱ्याच काचांवर 'विकणे आहे'च्या पाट्या.

या गावातली मुख्य प्रेक्षणीय वस्तू म्हणजे एका उंटवाल्याची समाधी. दगडी पिरॅमिड, वर धातूचा उंट. १८५० च्या दशकात अमेरिकेच्या लष्कराला वाटलं की या वाळवंटात खेचरांपेक्षा उंट बरे. म्हणून १८५६ मध्ये भूमध्य समुद्रापलीकडून जहाजाने उंट आणले, आणि ते हाकायला हाजी अली नावाचा माणूस. शिपायांनी त्याचं 'हाय जॉली' केलं आणि तेच समाधीवर कोरलंय. उंटांनी काम चोख केलं, असं सगळे सांगतात. पण शिपायांना त्यांचा वास आवडेना, खेचरं त्यांना पाहून उधळत. तेवढ्यात यादवी युद्ध सुरू झालं, उंट नुसते उभे राहिले, आणि शेवटी सरकारने त्यांचा लिलाव केला. हाजी अलीने स्वतःचे काही उंट पाळून माल वाहायचा धंदा करून पाहिला, तो न जमल्यावर ते वाळवंटात सोडून दिले. तो १९०२ मध्ये याच गावात वारला. लिलावात सरकारने काय जाहिरात केली असेल, याचा मी समाधीपाशी उभा राहून बराच वेळ विचार केला. सशक्त, सरकारी, फारसे न चाललेले. भाऊजी मात्र समोरच्या गाडीचा रेडिएटर बाजूला आहे की मागे, ते वाकून बघत होते.

इथवर इंजिनाचीच कथा झाली, कारण पुरुषमंडळी इंजिनापुढे जातच नाहीत. खरी गोम अशी की इंजिन हा मोटरहोमचा सर्वांत भरवशाचा भाग. ते ट्रकसाठी बनवलेलं असतं. त्याच्यावर बसवलेलं घर मात्र प्लायवुड, फायबरग्लास, गोंद आणि आशा यांचं असतं, आणि हायवेवरून जाताना त्याला रोज छोटासा भूकंप सोसावा लागतो. हा भाग ताईने हाती घेतला.

ताई आत शिरली की आधी प्रत्येक कपाट उघडून वास घेई. आम्ही कोकणात वाढलो. भिंतीला ओल कुठून येते हे आम्हाला आईच्या दुधाबरोबर कळलेलं. एका गाडीत ती पलंगाच्या डोक्याशी थांबली आणि म्हणाली, "इथे गळतंय." मालक म्हणाला, अशक्य, हे वाळवंट आहे. तपासनीसाने ओलावा मोजायचं यंत्र लावलं, काटा उडाला. गाडी आधी कित्येक वर्षं सिॲटलच्या पावसात होती, हे मग निघालं. त्या दिवसापासून तपासनीस यंत्र काढायच्या आधी ताईकडे बघू लागला. उन्हं कलली की तो गाडीच्या कोपऱ्यात उभा राहून बाहेरच्या भिंतीवरून तिरकी नजर टाकी. पाणी आत शिरलं असेल तर फायबरग्लासचा पापुद्रा प्लायवुडपासून सुटतो आणि भिंतीला फोड आल्यासारखा फुगवटा दिसतो. एकदा तो दिसला की पुढचं काही बघायचं नाही.

फ्रिज हे तिथलं आणखी एक गूढ. गॅसच्या ज्योतीवर गार होणारा फ्रिज ही कल्पनाच आम्हाला पचत नव्हती. आत अमोनिया खेळत असतो. गाडी वाकडी उभी असली की तो नीट खेळत नाही. मागचं झाकण काढून पिवळी भुकटी दिसली की समजायचं, नळी गळतेय. ताईने फ्रिजपेक्षा जास्त वेळ ओट्यावर घालवला. सोबत आणलेला पाच लिटरचा प्रेशर कुकर शेगडीवर ठेवून शिटीसाठी वर जागा उरते का, ते ती बघे. अनेक नामांकित गाड्या या परीक्षेत नापास झाल्या.

आणि टाक्यांचे काटे. मैल्याच्या टाकीत किती साठलंय हे दाखवणारे दिवे प्रत्येक गाडीत असतात आणि प्रत्येक गाडीत ते 'दोन तृतीयांश' दाखवतात. टाकी काल रिकामी केली असली तरी. आतले सेन्सर एकदा लडबडले की आयुष्यभर तेच सांगत राहतात. हा बिघाड मानायचा नसतो, असं तपासनीसाने भाऊजींना बजावलं. मग खरं कसं कळतं? तो म्हणाला, कळतं.

शेवटी जी मिळाली तिच्याकडे भाऊजींनी पहिल्यांदा ढुंकूनही पाहिलं नव्हतं. २००५ सालची, कमिन्सचं इंजिन, रेडिएटर बाजूला, आणि घड्याळात एक लाख बारा हजार मैल. सोफ्याचे हात झिजून गुळगुळीत झालेले, ड्रायव्हरच्या खुर्चीला मालकाच्या बुडाचा कायमचा खळगा. टायर आदल्या वर्षीचे. जनरेटरच्या मीटरवर हजारो तास. मालक-मालकीण वर्षानुवर्षं त्यातच राहत होते. आता त्यांची नजर अधू झाली म्हणून मुलांनी किल्ल्या काढून घ्यायचं ठरवलं होतं. मालकिणीने एक जाडजूड फाइल आमच्यापुढे ठेवली. प्रत्येक ऑइल बदल, प्रत्येक फिल्टर, प्रत्येक पावती, तारखेनिशी. शिवाय एक वही, कुठे किती डिझेल घेतलं त्याची. तपासनीस फाइल चाळता चाळता प्रथमच हसला. मग गादी उचलून इंजिनावर हात ठेवला. थंडगार. किल्ली फिरवली आणि इंजिनाने जागच्या जागी हुंकार दिला. धूर नाही, कुरकुर नाही.

"पण एक लाख मैल..." भाऊजी मला मराठीत म्हणाले.

"तुमची टोयोटा दोन लाखांवर आहे ना?" ताई म्हणाली. ओट्यावर तिचा कुकर बसला होता.

तरी भाऊजींनी शेवटचा उपाय केला. इंजिनातलं थोडं ऑइल बाटलीत घेऊन लॅबला पाठवलं. लॅब त्यात लोखंड किती, तांबं किती ते मोजते, आणि त्यावरून आत काय घासतंय ते कळतं. सिलिकॉन जास्त आलं तर हवेच्या फिल्टरमधून धूळ शिरतेय; सोडियम-पोटॅशियम आलं तर कूलंट ऑइलमध्ये उतरतंय. रिपोर्ट सर्वस्वी निर्दोष आला. त्याच आठवड्यात भाऊजींचाही रक्ताचा रिपोर्ट आला होता. दोन्ही त्यांनी शेजारी शेजारी ठेवून वाचले आणि ताईला फक्त इंजिनाचा दाखवला.

घर घेतलं, पण ठेवायचं कुठे? चँडलरच्या त्यांच्या वसाहतीच्या नियमांत मोटरहोम दारापुढे उभी करायला बंदी आहे. म्हणजे घर घराजवळ ठेवता येत नाही. त्यासाठी गावाबाहेर भाड्याच्या जागा असतात. आम्ही एक पाहायला गेलो. लांबच लांब शेड, आणि शेडखाली ओळीने उभ्या पांढऱ्या मोटरहोम, खिडक्यांना आतून चंदेरी पडदे, टायरांवर उन्हाची कापडी झाकणं. कित्येक झाकणांवर बोटभर धूळ. ऑफिसातल्या पोराने पत्रक पुढे सरकवलं: महिन्याचं भाडं इतकं, आणि वर्षाचे पैसे आगाऊ भरले तर एक महिना फुकट.

भाऊजींनी पत्रकाकडे पाहिलं, शेडकडे पाहिलं. हे तेच भाऊजी, जे एकावर एक मोफत म्हणून न लागणारा शॅम्पू आणतात. "एक महिन्याचं द्या," ते पोराला म्हणाले. "पुढचं पुढे बघू. आम्ही बहुतेक बाहेरच असू."

गाडीपर्यंत ताई त्यांना ऐकवत होती. "अहो, महिना फुकट होता! आख्खा महिना!"